सहाशे पाठींवर माझा भाऊ

छापून आलेले टी-शर्ट तपासणं हे माझं काम. ड्रायरच्या पट्ट्यावरून गरम टी-शर्ट माझ्या टेबलावर येऊन पडतो. मी तो पसरते, शाई कुठे फुटलीय का, अक्षर तिरकं गेलंय का ते बघते, लोंबणारे धागे कापते, घडी घालते आणि गठ्ठ्यावर ठेवते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. शाळांचे, कंपन्यांचे, निवडणुकीचे, खेळाडूंचे. हजारो चेहरे माझ्या हाताखालून गेले असतील, पण एकाकडेही मी माणूस म्हणून पाहिलेलं नाही. डोळ्यांच्या जागी शाई साचली नाही ना, एवढंच बघायचं.

त्या मंगळवारी पांढऱ्या टी-शर्टांची मोठी ऑर्डर होती. कुठल्याशा संस्थेने डायलिसिसच्या नव्या मशीनसाठी पाच किलोमीटरची धावण्याची शर्यत ठेवली होती, तिचे सहाशे. पुढच्या बाजूला दोन बूट आणि 'त्यांच्यासाठी धावू या' एवढंच. मी पहिला टी-शर्ट उलटा केला. डाव्या डोळ्याखाली शाई साचली होती, म्हणून बाजूला टाकला. दुसरा उलटा केला आणि हात थांबला.

पाठीवर माझा धाकटा भाऊ होता.

खुर्चीत आडवा, छातीपर्यंत चादर, हातातून निघालेल्या दोन नळ्या, डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड उघडं. चार तास त्या मशीनला बांधलेल्या माणसाला डुलकी लागते, तेव्हा तो जसा दिसतो तसा. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: 'हा असहाय आहे. तुमची पावलं हाच याचा आधार.'

"काय झालं, शाई फुटली का?" छपाईवाल्या काकांनी पलीकडून विचारलं.

"हा आमचा बारक्या आहे," मी म्हणाले.

काकांनी हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि जवळ येऊन बघितलं. मग मशीन बंद केलं. ते बंद झाल्याचा आवाज ऐकून मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी टी-शर्ट हातात घेऊन चुकचुक केलं आणि म्हणाले, "पण ताई, ऑर्डर चांगल्या कामाची आहे. आणि फोटो त्यांनी दिलाय, आपण फक्त छापतो."

मशीन पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी मी सहाशे वेळा माझ्या भावाची घडी घातली.

बारक्या हे त्याचं लाडाचं नाव. घरात सगळ्यांत धाकटा म्हणून पडलं आणि मग तो नव्वद किलोचा झाला तरी तेच राहिलं. आता मूत्रपिंडं गेल्यापासून तो इतका उतरलाय, की नाव शोभायला लागलंय, असं तो स्वतःच म्हणतो. वीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. आजारपणात कामावर जाणं सुटलं, पण फोन सुटला नाही. नवीन मुलं अडली की त्याला फोन करतात, आणि हा पलंगावर पडल्या पडल्या सांगतो, की तिसऱ्या मजल्याच्या दाराचा स्विच बघ, तोच कुरकुर करत असणार. बहुतेक वेळा तोच असतो. माझं लग्न झालं नाही, त्याचं टिकलं नाही. दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो.

घरी आल्यावर मी साचलेल्या शाईचा टी-शर्ट त्याच्यासमोर पसरला. त्याने तो जवळ ओढून पाहिला.

"तोंड तरी मिटवायला सांगायचं," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"नाही. कुणीतरी फोटो काढत होतं खरं. मला वाटलं मशीनचा काढताहेत."

"सही केली होतीस का कशावर?"

"चार-पाच कागद होते. उजव्या हातात सुया, म्हणून डाव्या हाताने केल्या. जिथे बोट ठेवलं तिथे."

मी उद्याच जाऊन त्या लोकांना जाब विचारते म्हटल्यावर तो उठून बसला. "ताई, तू कुठेही जाणार नाहीस. तिथे खुर्च्या आठ आहेत आणि बाहेर वाट बघणारे चाळीस. माझी सकाळची पाळी आहे, ती मला टिकवायची आहे. एका फोटोने मी मरत नाही. खुर्ची गेली तर मरेन."

मला खरा राग आला तो तेव्हा. फोटोचा होताच, पण हा वेगळा होता. आठवड्यातून तीनदा ज्याला जगण्यासाठी त्या खुर्चीत जाऊन बसायचंय, तो नाही कसं म्हणेल? त्याच्यासमोर कागद धरायचा आणि सही झाली की परवानगी मिळाली म्हणायचं. ही कसली परवानगी?

मी गेले. त्याला न सांगता गेले.

संस्थेचं ऑफिस इस्पितळाच्याच आवारात होतं. भिंतीवर तोच फोटो, माझ्या उंचीएवढा. तिथल्या मॅडम नीट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, फाइल काढून सही दाखवली. सही बारक्याचीच होती, पण पहिलीतल्या पोराने केल्यासारखी वेडीवाकडी.

"त्यांचा चेहरा पाहून लोकांना पाझर फुटतो," मॅडम म्हणाल्या. "आणि मशीन आलं की फायदा त्यांनाच आहे ना?"

"तो असहाय नाहीये."

"तो शब्द तसा घेऊ नका. तो फक्त भावना पोचवण्यासाठी आहे."

"मग तुमचा फोटो लावा. झोपलेला, तोंड उघडं असलेला. भावना पोचतील."

त्यांचा चेहरा जरा ताठ झाला, पण आवाज तसाच गोड राहिला. "तुम्ही चिडलाय, मी समजू शकते. एक सुचवू? तुम्ही स्वतः धावा. रुग्णांच्या घरच्यांना नोंदणी मोफत आहे. सगळ्यांबरोबर धावलात ना, की यामागची भावना तुम्हाला कळेल."

माझं वय एकोणपन्नास. धावण्याशी माझा संबंध सुटत्या बसपुरता, आणि तीही बहुधा सुटतेच. पण त्या ज्या तऱ्हेने फाइल मिटत होत्या, ते पाहून मी म्हणाले, "द्या फॉर्म."

बाहेर आल्यावर फॉर्मवरचं माझं नाव पुन्हा वाचलं. काय करून बसले, ते मलाच कळेना.

शर्यतीला पाच आठवडे होते. घरामागे एक मैदान आहे, भोवती विजेचे खांब. पहिल्या दिवशी मी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावले आणि दुसऱ्या खांबाला मिठी मारून उभी राहिले. नोंदणीचं बारक्याला सांगावंच लागलं. तो आधी दोन दिवस बोलला नाही. मग तिसऱ्या दिवशी, डायलिसिस नव्हतं म्हणून, माझ्यामागून मैदानावर आला आणि बाकावर बसून मोबाइलवर वेळ लावायला लागला.

"जोर लावू नकोस," तो म्हणायचा. "दोन खांब धाव, एक चाल. मोटर तापली की जळते."

मी धापा टाकत समोरून गेले की म्हणायचा, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय वाटतं." त्याला दिवसभरात पाणी मोजून प्यावं लागतं, आणि मी त्याच्यासमोर बाटली तोंडाला लावायला लाजायचे. तेही त्याच्या लक्षात आलं. "पी तू. मी नुसतं बघूनही पितो," तो म्हणाला आणि तोंड फिरवून दुसरीकडे बघत बसला.

दोन आठवड्यांनी मी न थांबता अर्धी फेरी धावले. त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात ते आलं. जेवणाच्या सुट्टीत मी छपाईवाल्या काकांना गाठलं आणि एक साधा टी-शर्ट छापून मागितला. पाठीवर चारच शब्द: 'या माणसाला विचारलं नव्हतं.' वर त्याचा तो फोटो. काकांनी कसलीही चौकशी केली नाही. शाई मात्र त्यांनी लाल घेतली.

मी तो घरी नेऊन मोठ्या तोऱ्यात बारक्याला दाखवला. त्याने वाचला, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "तू विचारलंस?"

मी त्याने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

"त्या मॅडमनी निदान सही तरी घेतली," तो म्हणाला. "तू तेवढंही केलं नाहीस. परत तोच फोटो. परत माझंच तोंड उघडं. फक्त आता बहिणीच्या पाठीवर."

मी टी-शर्ट कपाटाच्या तळाशी टाकला. त्यानंतर आठवडाभर मी मैदानावर एकटीच धावत होते. राग इतका होता, की खांब कधी मागे पडत होते ते समजत नव्हतं, आणि त्या रागातला निम्मा स्वतःवरचा होता.

मग शर्यतीच्या आधीच्या बुधवारी दुपारी बारक्या कारखान्यात आला. डायलिसिसहून थेट, हाताला पट्टी तशीच. तो कधी कारखान्यात येत नाही. जिना चढून आल्यामुळे आधी त्याला बोलताच येईना. काकांनी स्टूल दिलं.

"आज पाहुणे आले होते," तो म्हणाला. "शर्यतीला पैसे देणारे. अंगात तोच टी-शर्ट. एकजण माझ्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, अरे, हेच ते टी-शर्टवाले. मग माझ्या डोक्याशेजारी डोकं आणून मोबाइलवर फोटो काढला. मी नको म्हणालो. तो म्हणाला, अहो हसा, तुमच्यासाठीच चाललंय सगळं."

त्याने हाताची पट्टी दाबून धरली. "मी हसलो, ताई. तेच डोक्यातून जात नाहीये. मी हसलो."

मला बोलायचं होतं, पण काकांनी मला नजरेनेच गप्प केलं.

बारक्याने खिशातून डायलिसिसचा कागद काढला. मागे पेनाने काही लिहिलं होतं, खाडाखोड करून. "हे छापा. फोटो नको. माझं मी लिहिलंय." काकांनी मोठ्याने वाचलं:

'तुमच्या पाठीवरचा माणूस मी आहे. हा फोटो मला न विचारता काढला. मी असहाय नाही, मी लिफ्ट दुरुस्त करतो. मशीन मात्र हवं आहे, तेव्हा धावा.'

"एवढं पाठीवर मावेल का?" काका म्हणाले.

"ताईची पाठ आहे. मावेल."

"आणि खुर्ची?" मी विचारलं. "सकाळची पाळी?"

"बघू," तो म्हणाला. मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या, लिफ्टचा बिघाड शोधताना घालायचा तशा. "पण एक अडचण आहे. मजकूर पाठीवर, आणि तू धावणार सगळ्यांच्या शेवटी. वाचणार कोण? मागून येणारी अँब्युलन्स?"

आम्ही तिघंही विचारात पडलो. उत्तर त्यालाच सापडलं. "तू सगळ्यांच्या पुढे उभी राहा. अगदी दोरीला चिकटून. शिट्टी झाली की सहाशे लोकांना तुला ओलांडूनच जावं लागेल. जितकी हळू धावशील तितकं नीट वाचतील." महिनाभर मी वेग वाढवायला धडपडत होते आणि शेवटी माझी संथ चालच कामाला आली.

रविवारी सकाळी ऊन तिरपं होतं आणि रस्ता अडवलेला होता. मी अंगात जाकीट घालून सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिले. बाजूला बारीक, काटक पोरं पाय झटकत होती. शिट्टीवाला स्वयंसेवक माझ्याकडे बघून अदबीने म्हणाला, "मावशी, पुढची जागा वेगाने धावणाऱ्यांसाठी आहे."

"म्हणूनच उभी आहे," मी म्हणाले. तो गोंधळून दुसरीकडे गेला.

शिट्टी होण्याच्या जरा आधी मी जाकीट काढून कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या बारक्याकडे दिलं.

मग पायांचा आवाज माझ्या दोन्ही बाजूंनी आला. पहिली काटक पोरं वाचायलाही थांबली नाहीत. त्यांच्या पाठी समोर जाऊ लागल्या आणि प्रत्येक पाठीवर माझा भाऊ तोंड उघडं टाकून झोपलेला, वर-खाली हलणारा, घामाने चिकटलेला. मी तो सहाशे वेळा पाहिला होता, पण तेव्हा तो टेबलावर होता. आता तो पळत होता आणि मला टाकून जात होता. मला रडू फुटलं असतं, पण रडायला लागणारा श्वास शिल्लक नव्हता.

मधले लोक मात्र वाचत होते. मागून आवाज यायचे. "थांब, काय लिहिलंय बघ." "हा माणूस म्हणजे आपल्या पाठीवरचा?" एकजण वळून माझ्याकडे बघत उलटा धावला आणि जवळजवळ पडला. एका गृहस्थांनी माझ्या बाजूला येऊन वेग कमी केला.

"बाई, लोक इतकं चांगलं काम करताहेत. त्यात कशाला विष कालवता?"

मला बोलायला दोन श्वास लागले. "तुम्हाला तुमचा फोटो आवडतो का? झोपेतला?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"तोच," मी म्हणाले. पुढचं बोलताच आलं नाही. ते मान हलवत गेले. रात्री अंथरुणात पडल्यावर मला त्यांना द्यायची बारा उत्तरं सुचली.

मग एक धिप्पाड बाई माझ्यासमोर कडेला थांबली. तिने टी-शर्ट काढला, आत बनियन होता, आणि टी-शर्टची आतली बाजू बाहेर करून तो पुन्हा घातला. आता तिच्या पाठीवर नुसती शिवण होती. माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेली. तिच्यामागून आणखी काहींनी तसंच केलं. किती, ते मी मोजलं नाही. फार नव्हते. बहुतेकांनी वाचलं आणि ते पुढे गेले. पण त्यानंतर लांबून पाठींची रांग दिसायची, तेव्हा अधूनमधून एखादी पांढरी दिसत होती.

दुसऱ्या किलोमीटरच्या पाटीपाशी मी एकटी उरले. मागे फक्त अँब्युलन्स. रागावर माणूस दोन किलोमीटर जातो. पुढे पाय लागतात, आणि माझे पाय पोटऱ्यांपासून दगड झाले होते. बरगडीखाली कळ येत होती. दोन खांब धाव, एक चाल. मग एक धाव, एक चाल. अँब्युलन्सच्या चालकाने खिडकीतून विचारलं, "बसता का आत?"

"वाचलं का?" मी पाठीकडे बोट दाखवलं.

"मघापासून तेच वाचतोय. पाठ झालंय," तो म्हणाला. "लिफ्टचं काम खरंच करतात का ते?"

शेवटच्या वळणावर मंचावरून प्रमुख पाहुण्यांचं नाव पुकारलं जात होतं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बारक्या कठडा धरून उभा होता. त्याने आरडाओरडा केला नाही. मोबाइल वर धरून वेळ सांगितली, त्रेपन्न मिनिटं, आणि म्हणाला, "सावकाश. मजला आलाय."

मी रेषा ओलांडून रस्त्यावरच बसले. तेवढ्यात मॅडम आल्या. आवाज अजूनही खालीच होता, पण गोडवा संपला होता.

"हे करायची गरज नव्हती. कार्यक्रमाला गालबोट लावलंत. यांच्याचसाठी एवढी माणसं राबली."

मी उठायला लागले, तर बारक्या कठड्याखालून वाकून आत आला. "मॅडम, ताईने फक्त घातलंय. लिहिलंय मी. माझ्याशी बोला."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्याला उभा असलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"तुम्हाला मशीन नको का?" त्यांनी विचारलं.

"हवंच आहे. तेही लिहिलंय, खाली बघा. फोटोही देईन. पण जागा असताना, दाढी केल्यावर, आणि खाली काय लिहायचं ते मला दाखवून."

"सही तुमचीच आहे."

"तुमच्या हातात दोन सुया घालतो, मग तुम्ही सही करून दाखवा," तो म्हणाला. एवढं बोलून तो थकला आणि माझ्या शेजारी रस्त्यावर बसला. मॅडम मंचाकडे निघून गेल्या.

आठ दिवसांनी ऑफिसच्या भिंतीवरचा फोटो उतरला. माफीचा शब्द कुणी काढला नाही. दोन महिन्यांनी मशीन आलं, फीत कापली गेली. आणि त्याच महिन्यात बारक्याची सकाळची पाळी काढून त्याला दुपारची दिली. मी कारण विचारलं. तांत्रिक कारण, असं सांगितलं. कोणतं तांत्रिक, असं विचारलं तर डायलिसिस विभागाचे साहेब रजेवर होते. आता मी लेखी अर्ज दिलाय. पहिल्याला उत्तर आलं नाही म्हणून दुसरा दिलाय.

"सोड आता," बारक्या म्हणतो. "खुर्ची आहे ना." पण सकाळी डायलिसिस झालं, की त्याला दुपारी जरा माणसांत आल्यासारखं वाटायचं, दोन फोन घेता यायचे. आता तो संध्याकाळी येतो तो नुसता आडवा होतो. मी सोडणार नाही.

गेल्या आठवड्यात मी त्याला आणायला गेले, तर मॅडम खुर्चीपाशी उभ्या होत्या. हातात नवीन फॉर्म होता. त्यात फोटोसाठी वेगळा रकाना, हो किंवा नाही, अशा दोन चौकटी. शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी आधीच 'नाही'वर एवढी मोठी खूण केली होती, की ती कागदाबाहेर गेली होती.

मॅडमनी बारक्यापुढे पेन धरलं.

"विचार करून सांगतो," बारक्या म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.